घरात असून परगावी गेलेल्या येसूची कहाणी

ऐक जिवती आई, तुझी कहाणी. आटपाट म्हणावं असं एक नगर, तिथं राही नावाची कोष्टीण राहत होती. नवरा लुगडी विकायला दूरदेशी गेलेला. पदरी एकच लेक, चार वर्षांची येसू. एके दिवशी राणीचा हुकूम आला, सणाला जरीचं लुगडं पाहिजे. मग राही दिवस उगवता मागावर बसे, ती दिवेलागणीला उठे. लेकीला कोण बघणार? तिनं भागाबाई दाई घरातच राहायला ठेवली. पलीकडच्या आळीतल्या कासारणीनं भलावण केली होती, "बाई गुणाची हो. लेकराचा आवाज ऐकू येत नाही!" मागच्या खोलीत भागाबाई आणि येसू, पुढच्या सोप्यात राही आणि माग.

श्रावण आला. शुक्रवार आला. जिवतीचा वसा काय? लेकराला पाटावर बसवावं, ओवाळावं, मांडीवर घ्यावं. लेकरू परगावी असलं तर चारी दिशांना अक्षता टाकाव्या. येसू होती दहा पावलांवर. राही म्हणाली, "आता उठले तर धागा तुटेल." मग काय केलं? बसल्या जागी चारी दिशांना अक्षता टाकल्या.

पहिल्या शुक्रवारी येसू मागापाशी आली. "आई, मला तुझ्याजवळ निजव ना."

"लुगडं होऊ दे, मग निजवते. शहाणी ना माझी?"

दुसऱ्या शुक्रवारी येसूच्या पोटरीवर काळे डाग दिसले. राहीनं विचारलं, "भागाबाई, हे गं काय?"

"खोकला झाला होता, बिब्बा घातला. तुमची लेक म्हणजे राजवाड्यातली जणू, हात लावला की डाग!"

येसू म्हणाली, "आई, खोकला नव्हता."

"मोठ्या माणसांना खोटं पाडू नये," राही म्हणाली, आणि मागावरचा धोटा पुन्हा या काठाहून त्या काठाला फेकला.

तिसऱ्या शुक्रवारी येसू आलीच नाही. रडली नाही, बोलली नाही. शेजारणी म्हणाल्या, "कशी गुणी झाली पोर!" राहीला बरं वाटलं. बायांनो, आईला बरं वाटलं!

चौथ्या शुक्रवारी जिवतीनं जख्ख म्हाताऱ्या सवाष्णीचं रूप घेतलं, आणि जेवायला आली. राहीनं पुरण वाढलं, तूप वाढलं. म्हातारी घास घेईना.

"लेकरू कुठंय तुझं?"

"आत निजलंय, आजी."

"भरदुपारी?"

"रोजच निजतं."

"मग आज उठव. मांडीवर दे, तेव्हा जेवेन."

राही आत गेली. येसूला उचललं, तर पोर कापसासारखी हलकी. तोंडाला अफूचा कडू वास. म्हातारीनं कुंकू लावायला हात वर केला, तशी येसूनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं. म्हातारीनं हात खाली घेतला. "झबलं काढ गं राही, पाठ बघ."

राहीनं झबलं काढलं. पाठीवर उलथन्याची कड उमटलेली. एक नाही, दोन नाही, मोजवेना.

"बिब्ब्याला अशी कड असते का गं? दिशांना काय ओवाळत होतीस? लेकरू काय परगावी होतं?"

राहीनं ऊर बडवून घेतला. तेवढ्यात भागाबाई बोचकं घेऊन परसदारानं निसटली. मग राहीनं डोळे पुसले. "गेली, पीडा गेली. आता बोभाटा नको. लोक मलाच नावं ठेवतील."

म्हातारीनं ताट सारलं. "कासारीण हेच म्हणाली होती." असं म्हणून ती दिसेनाशी झाली.

राही येसूला कडेवर घेऊन कासारणीकडं गेली. कासारीण मान वर करीना. "माझ्या बाळाचा हात मोडला तिनं. बाळ पडलं म्हणून सांगत राहिले. तू विचारलंस तेव्हा तोंडातून चांगलंच निघालं बाई."

"चांगलं निघालं? बघ, चांगल्याची पाठ बघ!"

"राही, पाया पडते. पण आधी धाव. आत्ताच ती तांबटाच्या घरात शिरली. तिथं तान्हं आहे."

राही धावली. तांबटाच्या ओट्यावर भागाबाई, मांडीवर तान्हं. तांबटीण म्हणाली, "बरी आलीस! बाई गुणाची, नाही का गं?"

चार बाया वळून बघत होत्या. राहीनं मान खाली घातली. तेव्हा पंधरा दिवस मुकी झालेली येसू कडेवरून बोलली, "काकू, बाळ परत घ्या."

तांबटीण हसली, "अगंबाई! एवढीशी, आणि काय बोलते!"

मग राहीला कंठ फुटला. "एवढीशी आहे, पण खरं बोलते. मी ऐकलं नाही, तू ऐक. घे बाळ!"

तांबटणीनं बाळ ओढून घेतलं. बाया धावल्या, भागाबाईला धरून राजापुढं उभी केली. राजानं तिला कोठडीत घातलं, आणि गावोगाव दवंडी दिली, हिच्या हाती लेकरू देऊ नका.

मग राहीनं वसा घेतला. रोज आपल्या हातानं लेकराला न्हाऊ घालावं, अंग बघावं. लेकरू बोलेल ते ऐकावं, खरं मानावं. आपल्या घरची वाईट दाई दुसऱ्याच्या घरी गप्प राहून धाडू नये. लाज वाटली तरी सांगावं. घेतला वसा अर्ध्यावर सोडू नये.

येसू त्या दिवशी बोलली. हसायला तिला आणखी दोन श्रावण लागले. डाग काही गेले नाहीत.

जिवती आई, येसूला उशिरा पावलीस. आमच्या लेकरांना वेळेवर पाव. साठा उत्तरांची ही कहाणी पाचांत सांगून झाली, ऐकणारीच्या घरी सुफळ होवो, संपूर्ण होवो.