शेवंताने श्वास रोखला

मोटारी माणसांसारख्या बोलत असत, तेव्हाची गोष्ट. शेवंता नावाची म्हातारी मोटार धुराच्या तपासणीला निघाली. नापास झाली तर थेट भंगारात जायचं होतं.

"मावशी, मुलगी बघायला आल्यावर बसतात ना, तसं बसा," नवा बसवलेला चकचकीत सायलेन्सर म्हणाला. "चकार शब्द नको."

शेवंताने श्वास रोखला आणि इंजिनही गप्प केलं. तपासणीच्या यंत्राने नळी लावली.

"धूर शून्य? अरेरे, ही तर गेली! भंगारात टाका."

"गेली? तुझा बाप गेला!" शेवंता कडाडली, आणि पोटात साठलेली सगळी काजळी सायलेन्सरमधून भसकन बाहेर पडली.

यंत्राने पुन्हा नळी लावली. आता पोट रिकामं, धूर अगदी बेताचा. पास!

"मावशी, आता तरी हळू बोला," काळाठिक्कर सायलेन्सर पुटपुटला.

शेवंता घरापर्यंत बोलतच गेली.