अग्गीचं पहिलं पाऊल

"मग माझ्या पायांत काय कमी आहे, आप्पा?"

मन्मथने हे विचारलं तेव्हा दुपार कलली होती. मठाच्या मागच्या खोलीत शांतलिंग आप्पा बाजेवर बसून कपाळाला विभूती लावत होते. बोटं कपाळावरून सावकाश ओढली आणि हात पंच्याला पुसला.

बाहेर पटांगणात लाकडं पेटली होती. दिवेलागणीला त्यांचे निखारे चरात पसरायचे आणि वीरभद्राचं नाव घेत अनवाणी त्यांच्यावरून चालत जायचं. त्या मुलखात याला अग्गी तुडवणं म्हणतात. आधी मठाचे आप्पा चालतात, मागून गाव.

यंदा आप्पांचे गुडघे साथ देत नव्हते. त्यांच्या जागी जो पहिलं पाऊल टाकेल तोच पुढे गादीवर बसेल, हे कुणी बोललं नव्हतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं.

सकाळी आप्पांनी नाव घेतलं ते शरणाप्पाचं.

शरणाप्पा म्हणजे मठाच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापणारा. गेल्या वर्षी निखाऱ्यावर पाय पडताच "मेलो गं माय" म्हणून असा काही उडाला, की गावातल्या बाया अजून पाणवठ्यावर त्याची नक्कल करतात. आणि त्याच्यासाठी मन्मथला बाजूला सारलं होतं. मास्तरकी सोडून मठात आलेला, पोथ्या मुखोद्गत असलेला, श्रावणापासून पायांत वहाण न घालण्याचं व्रत घेतलेला मन्मथ.

त्याने हे सगळं आप्पांना ऐकवलं. आवाज चढू दिला नाही, पण एकही गोष्ट गाळली नाही.

आप्पा ऐकत होते. त्यांची नजर मन्मथच्या तोंडाकडे नव्हती. खाली होती.

"तो ओरडला होता, आप्पा."

"म्हणून तर त्याला पाठवतोय."

…

मन्मथला वाटलं, म्हातारपणाने आप्पांचं चित्त ढळलं.

मन्मथला साखरेचा आजार होऊन बरीच वर्षं झाली होती. तालुक्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, की अनवाणी फिरू नका, रोज तळवे बघत जा, गोळ्या चुकवू नका. मन्मथ हसून परत आला होता. डॉक्टरला कातडं दिसतं, आत्मा दिसत नाही, असं तो कीर्तनात सांगायचा आणि लोक माना डोलवायचे. गोळ्या आठवल्या तर घ्यायचा.

आधी पायांना मुंग्या यायच्या. मग आग व्हायची, पांघरूणसुद्धा सोसवत नसे. मन्मथ जप करत राहिला. हळूहळू आग निवली, मुंग्या गेल्या, आणि एके दिवशी त्याच्या ध्यानात आलं, की पायांखाली खडा आहे की गवत, हेच कळत नाही.

त्या दिवशी त्याने देवापुढे साष्टांग नमस्कार घातला होता. साधना फळली होती. देहभान सुटू लागलं होतं, आणि तेही पायांपासून.

आता तेच त्याने आप्पांना सांगितलं. आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

"मला निखारा लागत नाही, आप्पा. काटा लागत नाही. माझ्या पायांतून देह निघून गेलाय."

आप्पांचा चेहरा उतरला. मन्मथला वाटलं, ही असूया.

"पाय पसरून बस," आप्पा म्हणाले. "डोळे मीट. मी हात लावीन. कळला की सांग."

परीक्षाच असेल तर आपण तयार आहोत, असं मन्मथ मनाशी म्हणाला. बाजेवर बसला, पाय लांब केले, डोळे मिटले.

पटांगणात हलगी घुमायला लागली होती. लाकडाचा एक ओंडका ढासळल्याचा आवाज आला, लोक मागे सरल्याची गलबल झाली. धूर खिडकीतून आत आला. मन्मथ हलला नाही.

…

आप्पांचा श्वास ऐकू येत होता. म्हातारा माणूस वाकतो तेव्हा येतो तसा.

…

हलगीचा ठेका वाढला. कुणीतरी शरणाप्पाला हाका मारत होतं. वेळ निघून चालली होती. आप्पा मुद्दाम उशीर करताहेत, असं मन्मथच्या मनात आलं, आणि मग त्याला राहवलं नाही.

"आप्पा, लावा ना हात. मी केव्हाचा तयार आहे."

उत्तर पायांकडून आलं.

"डोळे उघड."

मन्मथने डोळे उघडले.

आप्पा जमिनीवर गुडघे टेकून वाकले होते. त्यांचे दोन्ही हात मन्मथच्या घोट्यांभोवती घट्ट होते, आणि कपाळ त्याच्या उजव्या पावलावर टेकलेलं होतं. विभूतीचे पट्टे पायावर उमटले होते. किती वेळचे, कोण जाणे.

गुरूचं मस्तक शिष्याच्या पायावर… मन्मथ पाय मागे घ्यायला गेला, तर आप्पांनी धरून ठेवला.

"आता तूच हात लाव. तळव्याला. अंगठ्याच्या मागे."

मन्मथने पाय मुडपून तळवा चाचपला. तळवा ओला होता. बोटाला काहीतरी गार, गोल, चपटं लागलं. डोकं होतं ते, चुकेचं, बारक्या खिळ्याचं. तीन-चार दिवसांपूर्वी मंडपवाले सतरंज्या ठोकत होते आणि मन्मथ अनवाणी त्यांच्यात उभा राहून कामं सांगत होता. ती चूक आत पार रुतली होती. भोवतालचं मांस सुजून काळपट झालं होतं, त्याला वास येत होता.

बोटाला सगळं कळत होतं. पायाला काहीच नाही.

सकाळपासून गाभाऱ्यापासून ओसरीपर्यंत फरशीवर लाल ठिपके पडले होते. यात्रेचा दिवस, कुंकू जिथे तिथे सांडलेलं, म्हणून कुणाला वावगं वाटलं नाही. काशव्वा म्हातारीने तर एका ठिपक्यावर फूल वाहिलं होतं. आप्पांनी ते फूल उचललं तेव्हा पाकळ्या फरशीला चिकटल्या होत्या.

मन्मथने बोट पुसलं. मग म्हणाला, फडकं गच्च बांधतो, अग्गी होऊ द्या, उद्या सकाळी दवाखाना गाठतो. आज मागे राहिलो तर गाव म्हणेल, मन्मथ भ्याला.

"गेल्या वर्षी तू चराच्या मधोमध थांबलास," आप्पा म्हणाले. "हात जोडून उभा राहिलास. लोकांनी जयजयकार केला. मी डोळे मिटून घेतले."

"तुम्ही नव्हता का चालत, आप्पा? इतकी वर्षं?"

"चालत होतो. दरवर्षी पोळायचं. म्हणून थांबत नव्हतो."

बाहेरून निरोप आला, की चर भरला, शरणाप्पा नाहून उभा आहे, आप्पांनी येऊन त्याच्या कपाळाला विभूती लावावी. आप्पांनी विभूतीची वाटी निरोप्याच्या हाती दिली. माझ्या नावाने लावा म्हणाले, आणि कुणाची तरी जीप मागच्या दाराला लावायला सांगितली.

अग्गीच्या वेळी आप्पा मठात नाहीत, असं त्या गावात कधी झालं नव्हतं.

मन्मथ उठायला गेला. आप्पांनी त्याला जमिनीवर पाय टेकू दिला नाही. दोघा जणांनी त्याला उचलून मागच्या सीटवर ठेवलं. आप्पा गुडघे धरत धरत शेजारी चढले, आणि तो पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला.

जीप खडकाळ रस्त्याला लागली. मागे आकाश लाल झालं होतं. डॉक्टर पाय वाचवतील की नाही, हे मन्मथने विचारलं नाही आणि आप्पांनी सांगितलं नाही. प्रत्येक खड्ड्याला आप्पा तळहाताने ते पाऊल सांभाळत होते. त्यांच्या पांढऱ्या धोतरावर डाग पसरत चालला होता.

शेवटी मन्मथला ते बघवेना.

"आप्पा… पाय काढून घेतो. तुम्हाला लागतोय."

आप्पांनी हात काढला नाही.

"लागू दे. दोघांपैकी एकाला तरी कळतंय."