ठकू माळीण आणि पौषातला आंबा

"आंबा! पिकलेला, रसाळ आंबा! उद्या सकाळी आमच्या ताटात पाहिजे!"

ऐन पौषात, अंगावर दोन शाली पांघरून, राजा तेजसेनांनी हा हुकूम सोडला. प्रधानांनी खाकरून पाहिलं. "महाराज, आंब्याला अजून..."

"आमच्या राज्यात 'अजून' नाही!"

मग प्रधानांनी कुठल्याही शहाण्या प्रधानाने केलं असतं तेच केलं. काम दुसऱ्याच्या गळ्यात घातलं.

तो गळा ठकू माळणीचा. नगराच्या तटाला लागून तिचे चार वाफे, वाफ्यांच्या कडेला एक आंब्याचं झाड आणि पुढे रस्त्यावर विक्रीचा ओटा. ज्या महिन्यात जे पिकेल तेच ओट्यावर. श्रावणात अळू, पौषात हरभऱ्याचे डहाळे. श्रावणात कुणी डहाळे मागितलेच, तर ठकू त्याला नखशिखांत न्याहाळायची आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायची. महाराजांच्या बाबतीत ते जमण्यासारखं नव्हतं, कारण हुकमाला शेपूट होतं. आंबा आला नाही, तर वाफे मोडून हत्तीखाना तिथे हलवायचा!

ओंजळीओंजळीने शेणखत घालून ठकूने ती माती कसदार केली होती. वाफ्यात बसून ती आधी पोटभर रडली, मग नाक पुसलं आणि झाडाकडे पाहिलं.

सकाळी ठकूने महाराजांच्या ताटात मोहोराचा एक तुरा ठेवला.

"हे काय?"

"आंबा, महाराज."

"हा तर मोहोर आहे!"

"व्हय. हुकूम ऐकला न् निघाला. सध्या वाटंत हाय."

"मग त्याला म्हणावं, पाय उचल!"

"म्हनले की! त्यो म्हनतो, वैशाख आल्याबिगर पिकायचा न्हाई. आता वैशाख आनायचा, तर ते माळणीचं काम न्हवं. मुलखाचे धनी तुमी!"

महाराजांनी मिशीवरून हात फिरवला. "एवढंच ना? प्रधानजी, दवंडी पिटा. आजपासून वैशाख!"

"लई झ्याक झालं," ठकू म्हणाली. "मग त्या शाली द्या हिकडं. वैशाखात शाल कोन पांघरतं?"

शाली गेल्या. शेगड्या विझल्या. खिडक्यांना वाळ्याचे पडदे लागले आणि त्यांवर गार पाणी शिंपडलं गेलं. पंखेवाले दोन्ही बाजूंनी वारा घालू लागले. महाराजांना माठातलं वाळ्याचं सरबत मिळालं. प्रधानांनी कोरडं कपाळ दोनदा पुसलं आणि "काय हा उकाडा!" म्हणाले, कारण दवंडीच्या हुकमावर शिक्का त्यांचा होता. ठकूही अंगावरची घोंगडी काढून पदराने वारा घेत होती. आतून ती काकडत होती, आणि महाराज आपल्यापेक्षा चिवट निघाले तर काय, याची तिला भारी धास्ती वाटत होती.

वैशाखात महाराज गच्चीवर झोपत. बिछाना गच्चीवर गेला.

सकाळी महाराज खाली आले ते निळं नाक घेऊन. ठकू पाटी घेऊन उभीच होती.

"आ... आंबा?"

"झाडाला इचारून आले, महाराज. तुमचा वैशाख त्याला अजून जानवला न्हाई म्हनतो. आनखी आठ दिस गच्चीवर काढाल, तर..."

"आठ दिवस!" महाराजांना सटासट शिंका आल्या. "खड्ड्यात गेला तो वैशाख! पौष आहे हा! पौष आहे गं बाई, पौष!"

"पौष म्हनालात?"

ठकूने पाटीवरचं फडकं ओढलं. आत वाफाळता हुरडा, तिळाची चटणी, डहाळे आणि बोरं!

"घ्या, महाराज. तुमी पौष म्हनालात, पौषाचा माल हजर! उशीर झाला का जरा तरी?"

महाराजांनी पाटीकडे पाहिलं. मग प्रधानांकडे पाहिलं. ते अजून वारा घेत होते. मूठभर हुरडा तोंडात टाकून महाराज जे हसत सुटले, ते ठसका लागेपर्यंत.

"शाली आणा! शेगड्या पेटवा! आणि ठकू, आमचा आंबा?"

"वाटंत हाय, महाराज."

महाराज पुन्हा हसले. त्याच दिवशी वाफे पिढीजात ठकूच्या नावे झाले. हत्तीखाना जागचा हलला नाही. फक्त त्यातली सगळी लीद रोज सकाळी ठकूच्या वाफ्यांत पोचवावी असा हुकूम निघाला, आणि त्यावर देखरेखीला प्रधानांना नेमलं.