मखमलचा वाटा

एक होती माऊ. एवढीशी, मुठीत मावेल एवढी. नाव तिचं मखमल.

बकरी ईदचा दिवस. नमाज झाली. कुर्बानी झाली. सकीना खालाच्या अंगणात मटणाची परात आली. खालाने एक तुकडा मखमलपुढे टाकला. तेवढ्यात कावळा आला. झप! तुकडा घेऊन उडाला.

"खाला, खाला, माझा वाटा?"

"थांब गं," खाला म्हणाली. "आधी तीन वाटे करायचेत. एक घरचा. एक पाहुण्यांचा. एक ज्यांच्या घरी मटण नाही त्यांचा. बांधायला केळीचं पान आण. मग वाटा."

तुरुतुरु, तुरुतुरु. मखमल गेली केळीकडे.

"केळीबाई, पान दे.
पान नाही, वाटा नाही.
मी उपाशी, म्याऊ."

केळ म्हणाली, "मला तहान लागली. पाणी आण. मग पान."

तुरुतुरु, तुरुतुरु. मखमल गेली विहिरीकडे.

"विहीरबाई, पाणी दे.
पाणी नाही, पान नाही.
पान नाही, वाटा नाही.
मी उपाशी, म्याऊ."

विहीर म्हणाली, "बादलीला दोर नाही. दोर आण. मग पाणी."

तुरुतुरु, तुरुतुरु. मखमल गेली शेजारच्या हलीमा दादीकडे. दादी एकटीच राहायची.

"दादी, दादी, दोर दे.
दोर नाही, पाणी नाही.
पाणी नाही, पान नाही.
पान नाही, वाटा नाही.
मी उपाशी, म्याऊ."

दादी म्हणाली, "दोरावर माझी ओढणी वाळतेय. एकच तर चांगली आहे. वाऱ्याला बोलव. मग दोर."

तुरुतुरु, तुरुतुरु. वारा माडावर लोळत होता.

"वारेभाऊ, ये ना.
वारा नाही, दोर नाही.
दोर नाही, पाणी नाही.
पाणी नाही, पान नाही.
पान नाही, वाटा नाही.
मी उपाशी, म्याऊ."

वारा म्हणाला, "भिरभिरं दिसलं तरच येईन."

भिरभिरं होतं खालाच्या रुहीकडे. रुही खाटेखाली बसली होती. गाल फुगलेले. ईदची नवी बांगडी फुटली होती.

"रुही, रुही, भिरभिरं फिरव.
भिरभिरं नाही, वारा नाही.
वारा नाही, दोर नाही.
दोर नाही, पाणी नाही.
पाणी नाही, पान नाही.
पान नाही, वाटा नाही.
मी उपाशी, म्याऊ."

रुही म्हणाली, "आधी मला हसव."

हसवू कशी? मखमल मागे वळली. अरे, ही शेपटी कुणाची? धरली पाहिजे. गर गर गर गर! धप्प! पडली थेट पिठाच्या डब्यात. बाहेर आली पांढरी शुभ्र. आक् छी!

रुही हसली. खुदुखुदु, खुदुखुदु. भिरभिरं घेऊन धावत सुटली.

भिरभिरं फिरलं, भिर भिर.
वारा आला, सूं सूं.
ओढणी वाळली, फड फड.
दादीने दोर बांधला, पाणी काढलं, खळ खळ.
केळ प्यायली, गट गट.
पान दिलं, टर्र.

खालाने पानाच्या पुड्या बांधल्या. एक पुडी हलीमा दादीच्या हातात ठेवली. "ईद मुबारक, दादी. आज जेवायला इकडेच या." एक पुडी पाहुण्यांना गेली. उरला घरचा वाटा.

मखमल हळूच म्हणाली, "आणि मी?"

"तू कुणाची गं?" खालाने विचारलं.

"आमची," रुही म्हणाली.

"मग घरच्या वाट्यात तूही."

मऊ मऊ तुकडा मखमलपुढे आला. चप चप चप.

पोट टम्म, मिशा साफ, गोष्ट फस्त.