हाजीसाहेबांचा मुसल्ला

आमच्या मदरशाला कुणा भल्या माणसानं टॅब दिले. मदरशाचे अध्यक्ष हाजी मुस्तकीमसाहेब यांनी ते कपाटात घातले आणि किल्ली खिशात टाकली. इकडे माझ्या पोरीची, रुकैयाची नजर दिवसेंदिवस चाललीय. किताबातली बारीक अक्षरं तिला दिसत नाहीत, टॅबवर मोठी करून दिसली असती. नजर आहे तोवर तिनं कुराण वाचायला शिकावं, एवढ्यासाठी माझा जीव तुटत होता.

शेवटी धीर करून रुकैयाला घेऊन गेले. हाजीसाहेब चारचौघांना आपला मुसल्ला, नमाजाची चटई, दाखवत होते. "बघा, सजद्यात कपाळ टेकून टेकून एवढी जागा विरलीय!"

मी टॅबचं विचारलं.

"पोरांच्या हातात देऊ? झिजून जातील!"

"मग हा मुसल्लाही कपाटातच ठेवायचा होता, साहेब. नवाकोरा राहिला असता."

लोक हसले. हाजीसाहेबांनी खिशातून किल्ली काढून कपाट उघडलं.

पडून पडून बॅटऱ्या खराब होऊन सगळेच टॅब मेले होते. रुकैयाला ते कुठं ठाऊक! तिनं टॅबचा काळा पडदा डोळ्यांशी नेला आणि माझा हात घट्ट धरला. "अम्मी, आता तर काहीच दिसेना गं."

"हा अंधार तुझ्या डोळ्यांतला नाही, बेटा," मी म्हणाले. "कपाटातला आहे."