घासून आणलेले पाय

"मग माझं कमी कुठे पडलं, ते तरी सांगा!"

पास्कोल तणतणतच फादर रुमाव यांच्या ओसरीवर चढला. म्हातारे फादर वालाच्या शेंगा सोलत बसले होते.

"कोण म्हणालं कमी पडलं?"

"माझाच जीव म्हणतो! शेताच्या पाण्याच्या पाळीवरून सख्ख्या भावावर फावडं चालवलं मी. संतानचा उजवा हात गेला तो गेलाच. तेव्हापासून पायात वहाण नाही, ताटात मासळी नाही. गुड फ्रायडेला क्रूस वाहतो तोही मीच. तरी ख्रिस्तशरीराचा प्रसाद घ्यायला वेदीकडे निघालो की पाय अडतात. देव एवढा पवित्र, आणि मी हा असा!"

"मग आज संध्याकाळी ये. पाय धुवायच्या विधीला बारा जणांत तुला घेतलंय."

"मला? मुळीच नाही! मला कुणाची दया नको, देवाचीसुद्धा नको. माझा मळ मी काढीन आणि ताठ मानेनं त्याच्यापुढे उभा राहीन."

"काढ की..." फादरांनी पुढची शेंग उचलली. "पण ये."

आता आमच्या गावची गंमत सांगायलाच हवी. येशूनं आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी ज्याचे पाय फादर धुणार, तो दुपारपासून विहिरीवर वजरी घेऊन टाचा घासत बसतो. सगळ्या गावादेखत फादरांपुढे काळी टाच कशी धरायची? त्यामुळे विधी आटोपला तरी परातीतलं पाणी होतं तसं नितळच असतं, आणि त्याचं कुणाला काही वाटतही नाही.

पास्कोल तर हट्टालाच पेटलेला. अनवाणी फिरून भेगाळलेल्या टाचा त्यानं अशा घासल्या, अशा घासल्या, की रक्त आलं.

"आता बघतोच काय धुतात ते!" म्हणत तो देवळात गेला आणि बाकावर छाती काढून बसला.

फादर परात आणि तांब्या घेऊन एकेकाचे पाय धूत आले. पास्कोलपुढे थांबले. त्या सोललेल्या टाचांकडे बराच वेळ बघत राहिले...

मग त्यांनी परात पास्कोलच्या पायाशी ठेवली, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि मागे वळून हाक मारली, "संतान!"

इतक्या वर्षांत भाऊ भावाशी एक शब्द बोलला नव्हता. संतान उठला. लुळा हात पोटाशी धरून सगळ्यांमधून चालत आला आणि पास्कोलपुढे गुडघे टेकून बसला.

पास्कोलनं पाय झटकन बाकाखाली ओढले.

"हा नाही! फादर, वाटेल ते करा, पण हा नाही! मी ह्याचे धुतो. आत्ता धुतो, सगळ्यांदेखत नाक घासतो. ह्याला कशाला लावता?"

"मला कुणी लावलं नाही," संतान म्हणाला. "मीच मागून घेतलंय."

"का पण? तुझा हात मी मोडला रे!"

"माहीत आहे मला. माझाच होता तो."

संतानचा डावा हात बाकाखाली गेला आणि त्यानं चाचपून भावाची टाच पकडली. पास्कोल पुन्हा पाय ओढू लागला.

"ओढू नको रे! एकाच हातानं धरायचाय मला."

पाय तिथंच थांबला, आणि संताननं तो परातीवर आणला. पास्कोलला रडू आवरेना, आणि रडतानाही तो चिडलेलाच होता.

"फादर... मग मी काय करायचं? माझ्याकडे काहीतरी द्या!"

फादर रुमाव यांनी तांब्या कलता केला. परातीतलं पाणी हळूहळू लाल झालं.

"तू नुसता बसून राहा."