ज्याचं त्याच्या दारी

हिरडेवाडीचा ओढा सकाळी गुलाबी असे आणि दुपारी निळा. ऐकायला किती छान वाटतं, नाही? डोंबलाचं छान! वर डोंगरावर मल्हाररावांचा साड्या रंगवायचा कारखाना होता आणि उरलेला रंग ते खुशाल ओढ्यात सोडून देत. खाली वाडीत इवलीशी येसू तेच पाणी फडक्यातून गाळून घागरीत भरी. तिची आई मोळ्या विकायची. घरी ना विहीर, ना नळ. ते पाणी पिऊन पिऊन येसूचा पिटुकला भाऊ म्हादू आजारी पडला होता. पोट धरून नुसता कण्हायचा बिचारा.

एकदा येसू पाण्याला गेली, तर उंबराखालच्या डोहातून कुणीतरी खोकलं. बघते तर काय, एक चिमुकली परी! चतुरासारखे चंदेरी पंख, अंगावर पाचूचं तेज. पण सगळी प्लास्टिकच्या पिशव्यांत गुरफटलेली. येसूनं दातांनी गाठी सोडवल्या. आतून खण निघाला, बांगड्या निघाल्या, कुजका नारळ निघाला.

"मी या ओढ्याची परी," ती धापा टाकत म्हणाली. "तुमच्या बायका दर शुक्रवारी माझी ओटी भरतात गं. पण पिशवीला गाठ मारून!"

"आमी तर भक्तीनं सोडतो," येसू कावरीबावरी झाली.

"त्या भक्तीनंच जीव गुदमरतोय माझा. असू दे. तू मला सोडवलंस, आता एक वर माग. पण अट आहे. जे मागशील, ते आधी तुझ्या घराला लागू होईल, मग इतरांना."

"माज्या म्हादूला बरं कर."

"करीन. पण उद्या तो पुन्हा हेच पाणी पिईल."

"मग वढा साफ कर."

"तोही करीन. पण परवा वरून पुन्हा रंग येईल."

आता मात्र येसूचं डोकं फिरलं. तिनं पाय आपटला. "आमचं लेकरू मराया टेकलंय आन् त्यास्नी काय बी न्हाई! ज्यानं जे पान्यात टाकलं, ते त्याच्याच दारी जाऊ दे!"

"आधी तुझ्या दारी, बरं का."

"जाऊ दे!"

येसू घरी पोचली, तर उंबऱ्यावर निर्माल्याच्या पिशव्यांचा ढीग! आई कपाळ बडवत होती. "अगं बया, देवाची फुलं अशी पायदळी! पाप लागंल!"

"आये, पान्यात टाकली तवा न्हाई लागलं व्हय पाप? म्हादू पितो की त्ये!"

आईनं खुरपं घेतलं आणि सगळी फुलं परसातल्या कढीलिंबाखाली पुरली.

हळूहळू दारोदारी ढीग लागले. आणि मल्हाररावांकडे? त्यांच्या बंबातून गुलाबी पाणी आलं, कपात निळा चहा आला. मिशा तर हिरव्यागार झाल्या!

"माझा रंग माझ्याच घरी?" ते ओरडले.

"मग कुनाच्या घरी पायजे व्हता?" वाडीतल्या बायका कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या. "आमच्या लेकरांच्या पोटात?"

मल्हाररावांनी त्याच दिवशी गवंडी बोलावले. रंगीत पाणी शुद्ध करायची टाकी बांधून होईपर्यंत त्यांना निळाच चहा प्यावा लागला. कुणालाही त्यांची दया आली नाही. मलाही नाही.

इकडे ओढा नितळ झाला. तळाचे गोटे चमचमू लागले, मासोळ्या लुकलुकू लागल्या. येसू घागर घेऊन घरी आली, तर परी म्हादूच्या उशाशी बसलेली. तिनं त्याच्या कपाळावर इवलासा हात ठेवला. झोपडी सोनेरी उजेडानं भरून गेली आणि त्या उजेडातच परी विरून गेली.

म्हादू टुणकन उठून बसला. "ताई, तहान लागली!"

येसूनं तांब्या पुढे केला. म्हादूनं डोळे मिटले आणि नेहमीसारखं दोन बोटांनी नाक घट्ट दाबलं. पाणी असंच प्यायचं असतं, हे त्या पोराला जन्मापासून ठाऊक!

येसूनं हळूच त्याचा हात खाली घेतला. "आता नगं दाबू, राजा. पी."